फाटे नसतील तरच

ताईला कुणी विचारलं की तुमचा विषय कोणता, तर ती म्हणायची, "उपयोजित गणित." समोरचा चेहरा कोरा पडला की पुस्ती जोडायची, "पाइपातलं पाणी." तेवढ्यावर बहुतेकांची सुटका व्हायची. पण हाच प्रश्न तिच्या धाकट्या बहिणीला विचारलात, तर ती हातातली कात्री थांबवून सांगायची, "ताईचा विषय ना? मखमल! उभा जन्म गेला, पण दुसरा विषय नाही."

मखमल म्हणजे ताईचा पीएचडीचा गाईड. हे नाव विद्यार्थ्यांनीच ठेवलेलं, त्याच्या आवाजावरून. आवाज असा मऊ, की नापास झालेला मुलगासुद्धा केबिनमधून बाहेर पडताना 'थँक्यू सर' म्हणून यायचा आणि जिना उतरल्यावर त्याला कळायचं की आपण नापास आहोत. समोर सगळे 'सर' म्हणायचे. ताई पाठीमागे एकेरीवर यायची, आणि त्याच्याबद्दल बोलायला तिला कुणी विचारायचीही गरज नसायची.

ह्या विषयाची मुळं लहानपणीच्या स्वयंपाकघरात होती. तिथला नळ फटकन बंद केला की भिंतीच्या आत धाडकन आवाज व्हायचा. आई ओरडायची, "अगं हळू! भिंत पाडशील एक दिवस!" धाकटी घाबरून कानांवर हात ठेवायची. ताई मात्र पुन्हा नळ सोडायची, पुन्हा फटकन बंद करायची. धावतं पाणी एकदम अडवलं की ते चिडतं, मागे फिरतं आणि पाइपाला धडक देत सुटतं, हे तिला पुस्तकातून कळण्याआधी त्या भिंतीतून कळलं होतं.

विद्यापीठात गेल्यावर पहिल्याच तासाला मखमलने फळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक समीकरण लिहिलं. मग हात झटकत वळला. "हे तुमच्याच्याने सुटणार नाही. माझ्याच्यानेही नाही. म्हणून आपण काय करायचं? ह्यातलं कुठलं पद लहान आहे ते ओळखायचं आणि टाकून द्यायचं. लहान म्हणजे, ते नसलं तरी उत्तरात फरक पडणार नाही असं. पण टाकलंत की बाजूला अट लिहा: हे केव्हा चालेल आणि केव्हा चालणार नाही. पद टाकून अट न लिहिणाऱ्याला मी गणिती म्हणत नाही, लबाड म्हणतो."

ताईने ते वाक्य काळजावर कोरून घेतलं. पुढे जे घडलं त्यात तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर एक वेळ ठीक होतं. ज्याने शिकवलं त्यानेच!

झालं ते असं. भरधाव पाण्याचा वॉल्व्ह किती वेळात बंद केला तर पाइप फुटणार नाही, हा जुना प्रश्न होता. उत्तरं होती, पण ती पानंच्या पानं खायची. ताईने त्यातलं एक पद टाकून पाहिलं आणि सगळा पसारा एका ओळीत आला. तळहातावर लिहून नेता येईल अशी ओळ. पंपाशी उभा असलेला इंजिनिअर तिथल्या तिथे हिशेब करू शकेल अशी. मात्र अट एक होती. पाइप सरळ एकटा हवा. त्याला फाटे फुटले, की प्रत्येक फाट्यावर लाट दुभंगते, अर्धी मागे येते, आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींना गाठून कुठेतरी भलताच दणका देतात. ताईने सूत्राखाली लिहिलं, 'फाटे नसतील तरच', आणि अधोरेखित केलं.

मखमलने ते कागद वाचले. उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग म्हणाला, "सुंदर." एवढं म्हणून त्याने लाल पेन काढलं आणि खालची अट खोडली.

"सर, ती अट महत्त्वाची आहे."

"अगं पोरी, अटीसकट सूत्र दिलं तर इंजिनिअर हात लावत नाहीत. त्यांना वापरायला काहीतरी हवं असतं. फाटे आपण नंतर बघू."

नंतर ताईने पाहिलं ते छापलेलं. सूत्र तेच, ओळ न् ओळ तिची, वर नाव एकट्या मखमलचं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, तिचे आभार मानलेले: 'आकृत्या काढून दिल्याबद्दल.'

आकृत्या काढून दिल्याबद्दल! ताई तशीच तरातरा केबिनमध्ये गेली. मखमलने तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि त्या मऊ आवाजात म्हणाला, "ह्या विषयात आता काही उरलेलं नाही. तुला प्रबंधासाठी दुसरा विषय देतो, सोपा. तुझ्या प्रबंधावर सही शेवटी मीच करायची आहे ना? मग काळजी कसली?" ताईला धमकी कळायला जिना उतरावा लागला नाही. तिने चहा प्यायला, 'हो सर' म्हणाली आणि बाहेर आली. त्या दिवशी जे मूग गिळले ते तिच्या घशातच राहिले.

मखमल चढत गेला. विभागप्रमुख झाला, डीन झाला, ह्या समितीवर, त्या मंडळावर. सूत्राला लोक 'सरांचा नियम' म्हणायला लागले. लांबच लांब सरळ पाइपलाइनींवर तो नियम चोख चालला, कारण तिथे फाटेच नव्हते. इकडे ताईला शहराच्या कडेला एका इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी मिळाली. पहिल्या वर्षाची मुलं, पंखा फिरणारा पण वारा न देणारा वर्ग, आणि पाठ्यपुस्तकात एक धडा 'सरांचा नियम' ह्या नावाचा. दर वर्षी तिला तो शिकवावा लागायचा! मुलांना ती लॅबमध्ये न्यायची, नळ दाणकन बंद करायची आणि म्हणायची, "ऐकलंत? बंद टोकाला लाट आपटली की दुप्पट होऊन परत येते. हे विसरलात तर मी तुम्हाला ओळखत नाही."

मुलांना ती आवडायची. पण मुलांच्या आवडण्याने कुणाची जखम भरते थोडीच? कॉलेज सुटल्यावर ती फाट्यांचं गणित करत बसायची. कित्येक वर्षांनी ते सुटलं. हे सूत्र तळहातावर मावणारं नव्हतं, पण फाट्यांसकट खरं होतं. तिने ते जर्नलला पाठवलं. अशा लेखांचे परीक्षक निनावी असतात. नकार आला त्यावर कुणाचं नाव नव्हतं, फक्त मत होतं: 'ह्या विषयात आता काही उरलेलं नाही.'

कागदाला आवाज नसतो म्हणतात, पण ताईला तो ऐकू आला. मऊ, मखमली. त्या संध्याकाळी ती धाकटीच्या घरी जाऊन दारातूनच म्हणाली, "एकदा, चार लोकांसमोर, त्याच्याच तोंडून वदवून घेईन की ते माझं होतं. त्याशिवाय मरणार नाही."

धाकटीने तिला पाणी दिलं. "बरं, घेतलंस वदवून. मग?"

"मग काही नाही. मग मी शांत झोपेन."

"मग आजच झोप की, बाई! कशाला थांबतेस?"

धाकटी अशीच होती. बाजाराच्या इमारतीच्या तळघरात तिचं केस कापायचं दुकान होतं. खुर्च्या, आरसे, ड्रायर, सगळं तिने एकटीने उभं केलेलं. आई गेल्यापासून ताईला तिच्याखेरीज कुणी नव्हतं, आणि तिच्या दुकानातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत ताई दर महिन्याला केसांना रंग लावून घ्यायला बसायची. वाटीत रंग कालवता कालवता धाकटी ते सगळं दळण ऐकायची. इतकं ऐकलं होतं की ती अट तिच्या तोंडी म्हणीसारखी होऊन बसली होती. उद्या येशील का विचारलं की म्हणायची, "येईन, फाटे नसतील तरच!" गिऱ्हाइकांना काही कळायचं नाही, दोघी बहिणी मात्र आरशात एकमेकींकडे बघून खिदळायच्या.

अशीच एकदा ताई डोक्याला रंग थापून, गळ्याभोवती फडकं गुंडाळून बसली होती. हातात पेपर होता. आतल्या पानावर शहराच्या नव्या पाणीयोजनेचा नकाशा आला होता. जाड निळी रेघ, आणि तिला ठिकठिकाणी फाटे. बाजूला सल्लागार म्हणून मखमलचा फोटो. वॉल्व्ह बंद करण्याचा वेळ 'सरांच्या नियमा'प्रमाणे ठरवल्याचं आणि उद्घाटनाला तो बंद करून दाखवणार असल्याचं खाली कौतुकाने लिहिलं होतं.

ताई ताठ बसली. फाटे! हा माणूस फाट्यांच्या जाळ्यावर तिचं सूत्र लावायला निघाला होता, अटीशिवाय. ती अट आपण स्वतः खोडली होती हेही तो बहुतेक विसरला होता. ताईने तिथल्या तिथे मनात हिशेब मांडला. अंदाजच काढायचा होता, म्हणून मोठे फाटे घेतले, किरकोळ फाटे टाकून दिले, आणि लाटा कुठे गाठ पडतात ते पाहिलं. उत्तर आलं तेव्हा तिचा स्वतःवर विश्वास बसेना. दणका बसणार होता थेट पंपघरात, वॉल्व्हशेजारच्या सांध्यावर. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे जिथे उभे राहतात तिथेच! सांधा फुटणार नाही, पण सुटेल. पाण्याची पिचकारी उडेल. मखमलचा सूट भिजेल, सगळ्यांच्या देखत त्याची अब्रू जाईल, आणि मग लोक विचारतील, हे सूत्र चुकलं कसं? मग सांगू दे त्याला!

ताई हसली. आरशात धाकटीने ते पाहिलं. "काय गं, कशाला हसतेस एकटीच?"

"काही नाही. रंग छान बसलाय."

"अजून धुतलाही नाही!" धाकटी म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

एक फोन पुरे होता. पाणी खात्यात तिचे जुने विद्यार्थी होते. पाच मिनिटं बोलली असती तर वॉल्व्हचा वेळ बदलला असता, पाणी बिनबोभाट आलं असतं, आणि टाळ्या मखमलला मिळाल्या असत्या. पुन्हा! ते तिला सोसवेना. तिने एकदा फोन हातात घेतला, नंबरही काढला. मग स्वतःशीच म्हणाली, "त्याला गरज असेल तर तो करेल मला फोन." आणि ठेवून दिला. कुणाचं काय बिघडणार होतं? एक सूट.

उद्घाटनाला ताई ठेवणीतले कपडे घालून गेली. पंपघरात रंगाचा ताजा वास येत होता. मखमल पुढे उभा, केस पांढरे झालेले, आवाज तसाच. भाषणात म्हणाला, "गणित म्हणजे नम्रता." ताईने ओठ चावला. मग बटण दाबलं गेलं, मोटर घरघरली, वॉल्व्ह बंद व्हायला लागला. ताईची नजर सांध्यावर. वॉल्व्ह मिटला. जमिनीखालून एक दबका हुंकार गेला आणि दूर निघून गेला. सांध्यावर थेंबसुद्धा आला नाही.

टाळ्या पडल्या. मखमल हात जोडून हसला. आपल्याच तोंडात कुणीतरी चारचौघांत मारावी तसं ताईला झालं. इतका कसा चुकला आपला हिशेब?

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. धाकटी ओरडत होती, "ताई, पाइप फुटला!"

खोटं कशाला बोला, ताईचं काळीज आनंदाने उडालं. फुटला! कुठे का असेना, फुटला एकदाचा! "कुठे?" तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात हसू होतं.

"अगं कुठे काय, आपल्याकडे! तळघराच्या भिंतीतून. गिऱ्हाइकांना कसंबसं वर काढलं. दुकानात कमरेएवढं पाणी आहे, ताई. सगळं गेलं गं!"

बाजाराचा फाटा. त्या नकाशात तो सगळ्यात आखूड होता, नखाएवढा, आणि त्याचं टोक बंद. ताईने तो लहान म्हणून टाकून दिला होता. टाकला आणि अट लिहायचीही तिला आठवण झाली नव्हती. बंद टोकाला लाट दुप्पट होते. दर वर्षी नळ आपटून ती हेच शिकवत आली होती.

कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण शिंप्याची यंत्रं, झेरॉक्सवाल्याचा माल, धाकटीचं दुकान, सगळं चिखलात. ताई रोज कॉलेज सुटलं की बादल्या उपसायला जायची. धाकटी म्हणायची, "तू होतीस म्हणून बरं, ताई."  ताई खाली वाकून उपसत राहायची.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश. तज्ज्ञ म्हणून कुणाला बोलवायचं, तर समितीचा सचिव ताईचाच विद्यार्थी, त्याने तिचं नाव सुचवलं. आता तरी ह्या बाईने नाही म्हणावं की नाही? आजारी आहे म्हणावं, परगावी जायचंय म्हणावं. पण छे! तिने मनाशी वेगळीच समजूत काढली होती. झालं ते झालं, ते आता परत फिरवता येत नाही. मग निदान वाया तरी जायला नको. एवढं नुकसान होऊनही मखमल सुटला, तर धाकटीचं दुकान उगाचच बुडालं म्हणायचं!

हॉल भरला होता. मागच्या ओळींत बाजारातले दुकानदार, त्यांत धाकटी. नुकसानीचं काय बोलायचं ते धाकटीने घरी तीनतीनदा म्हणून पाहिलं होतं. पुढे मखमल बसला होता. सूट तोच, कोरडा.

मखमलने सुरुवातीला पाइपाच्या दर्जावर बोट ठेवलं. मग ठेकेदारावर. मग जमिनीवर. आवाज असा लागला होता की न्यायाधीशसुद्धा मान डोलवायला लागले. तेवढ्यात ताई उठली.

"सर, एकच प्रश्न. हे सूत्र काढताना कुठलं पद टाकलं होतं?"

मखमलने तिच्याकडे पाहिलं. "ते... मूळ लेखात आहे."

"लेखात नाही. म्हणून तर विचारते. तुम्ही काढलंय ना? मग सांगा. पद कुठलं, आणि ते केव्हा टाकता येतं?"

फळा मागेच होता. ताईने खडू उचलून पुढे केला. मखमल उठला, फळ्यापाशी गेला, समीकरणाची सुरुवात लिहिली आणि थांबला. पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा थांबला. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.  पंचवीस वर्षं ज्याच्या नावावर तो जगला होता, ते त्याला फळ्यावर मांडता येईना. मग तो वळला, आणि त्या मऊ आवाजाला पहिल्यांदाच चिरा गेलेल्या होत्या.

"अध्यक्ष महाराज, खरं सांगायचं तर... हे मूळ काम माझं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे. ह्या बाईंचं. सगळं ह्यांनीच काढलं होतं. चूक असेल तर ती मुळातच असणार. मी फक्त विश्वास ठेवला."

आलं! चार लोकांसमोर, त्याच्याच तोंडून! ज्या वाक्यासाठी ताईने जन्म घालवला ते वाक्य आलं, आणि आलं ते असं, अंगावरचा चिखल दुसऱ्याच्या अंगावर झटकताना. एवढ्या वर्षांनीही त्याला तिचं काम आठवलं ते फक्त पाप खपवायला.  'हो' म्हटलं असतं तर सूत्र तिचं होतं. नुसतं 'हो'.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, हे खरं आहे? हे काम तुमचं?"

"माझं नाव आहे त्या लेखात," ताई म्हणाली. एकेक शब्द सुटा सुटा. "शेवटच्या पानावर. आकृत्या काढून दिल्याबद्दल सरांनी माझे आभार मानलेत. आकृत्या तपासून घ्या, साहेब. त्या अचूक आहेत."

हॉल हसला. शिंपी हसला, झेरॉक्सवाला हसला, सचिवाने तोंडासमोर फाइल धरली.  मखमल खुर्ची चाचपडत खाली बसला. ताई त्याच्याकडे पोटभर बघत राहिली. इतकं गार वाटलं तिला, की आता ह्या क्षणी मेलं तरी चालेल.

"बरं," न्यायाधीश म्हणाले, "फाटे असताना हे सूत्र चालत नाही, हे आधी कुणाला तरी ठाऊक असणं शक्य होतं का?"

"ज्याने सूत्र काढलं, त्याला ठाऊक असायलाच हवं," ताई ठणकावून म्हणाली. "फाटे नसतील तरच ते चालतं. नकाशा बघताक्षणी त्याच्या लक्षात यायला हवं होतं. लक्षात येऊन गप्प बसला असेल, तर त्याला माफी नाही."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मग चष्मा काढून मागच्या ओळींकडे पाहिलं. "नागरिकांपैकी कुणाला काही सांगायचंय?"

धाकटी उठून उभी राहिली. ताईने मान वळवली, हसू अजून चेहऱ्यावर होतं. धाकटी न्यायाधीशांकडे बघत नव्हती. ती ताईकडे बघत होती, आरशात बघायची तशी, नजर न हलवता.

"बोला बाई, काय नुकसान झालं तुमचं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "मला सगळं समजलं." आणि खाली बसली.

ताई दुकानात पोचली तेव्हा धाकटी खुर्च्या पुसत होती. भिंतींवर कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ उमटली होती. कोपऱ्यातली खुर्ची आरशासमोर होती, गादी काढून टाकलेली. ताईने दारात चपला काढल्या, बाह्या सरसावल्या आणि बादली उचलली.

"ठेव ती," धाकटी म्हणाली.

"अगं, दोघींनी केलं तर लवकर..."

"ठेव म्हणते ना!"

ताईने बादली ठेवली.

"नकाशा पेपरात आला तेव्हा तू ह्या खुर्चीत बसली होतीस," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि ताईला त्याचीच भीती वाटली. "हसलीस. मी विचारलं, कशाला हसतेस. रंग छान बसलाय म्हणालीस."

"मला वाटलं पंपघरात होईल गं. नुसता त्याचा सूट... शपथ घेऊन सांगते. हा फाटा इतका लहान होता की मी हिशेबातच..." 

"हिशेबात धरला नाहीस."

ताईने मान हलवली.

"तो तुझं नाव घेत होता आज. हो म्हणायचं होतंस. म्हणाली असतीस, माझं आहे, मला ठाऊक होतं, तर मी तिथेच सगळ्यांसमोर तुला मिठी मारली असती. दुकान गेलं तर गेलं, पुन्हा उभं केलं असतं. पण तू त्याच्यासारखंच केलंस, ताई. अगदी त्याच्यासारखं. अट खोडलीस आणि हात झटकलेस."

ताईला रडू आलं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. समोरच्या आरशावर चिखलाचे ओघळ वाळले होते, त्यातून तिचा चेहरा दिसत होता, आणि भांगात पांढरं दिसायला लागलं होतं. धाकटीचीही नजर तिथेच गेली. सवयीने तिचा हात पुढे आला, ताईच्या केसांपर्यंत आला, आणि तसाच मागे गेला.

"केस वाढलेत तुझे," धाकटी म्हणाली आणि फडकं पिळायला वळली. "आता दुसरीकडे कुठेतरी बघ."